उकिरड्याची दैना



'उकिरड्याची दैना बारा वर्षांनीदेखील फिटते' ही म्हण तुम्ही आजीच्या तोंडून ऐकली असेल. कितीही वाईट दिवस आले तरी ते कधी ना कधी पालटतात, असा तिचा अर्थ. पण आज तो अर्थ थोडा वेळ बाजूला ठेवू आणि म्हणीतला उकिरडाच नीट पाहू.

गोठ्यामागे एक खड्डा असे. गोठ्यातले शेण, गुरांनी खाऊन उरलेला कडबा, चुलीतली राख, अंगणातला पालापाचोळा, भाजीची देठे असे सगळे रोज त्यात पडत असे. येणाराजाणारा नाकाला पदर लावून पुढे जाई. मात्र पावसाळ्यापूर्वी शेतकरी तो खड्डा उकरी, तेव्हा तळाशी काळे, भुसभुशीत, मातीसारखा वास येणारे खत निघे आणि गाडीत बसून ते शेतावर जाई. उकिरड्याची दैना फिटे ती अशी.

या लेखात आपण दोन उकिरड्यांची गोष्ट पाहणार आहोत. एक इंदूरचा. त्याची दैना बारा आठवड्यांत फिटली. दुसरा मुंबईचा. त्याची दैना जवळजवळ शंभर वर्षे झाली तरी फिटलेली नाही. दोन्हींत माणसांनी टाकलेलेच पदार्थ होते. मग हा फरक का पडला?

बारा वर्षांचे बारा आठवडे

सर आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील शेती संशोधन संस्थेत आले. पुढे १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूर येथील संस्थेत काम केले. परदेशी रासायनिक खत विकत घेणे इथल्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. शेणाचाही मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जात असे. उलट कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, उसाचे पाचट, तण, पाला यांचे ढीग शेताशेतावर पडलेले असत. यांचेच चांगले खत लवकर कसे करता येईल, हा प्रश्न हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी हाती घेतला.

त्यांनी कोणतेही नवे रसायन वापरले नाही. त्यांनी उकिरड्याला शिस्त लावली. पऱ्हाट्या फार टणक असतात म्हणून त्या शेतावरच्या रस्त्यात पसरून गाडीच्या चाकांखाली चिरडून घेतल्या. मग उथळ खड्ड्यात काडीकचऱ्याचा एक थर, त्यावर शेणाचा, त्यावर गोमूत्राने भिजलेल्या मातीचा आणि थोड्या राखेचा, असे थरावर थर रचले. पाणी शिंपडले, पण चिखल होऊ दिला नाही. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी, असा तीन वेळा ढीग वरखाली केला. तीन महिन्यांत खत तयार झाले! दोघांनी १९३१ साली यावर एक पुस्तक लिहिले आणि ही पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर पोहोचली.

ढिगाच्या पोटात काय चालते?

अशा ढिगात तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात घालून पाहिला, तर तो चटकन मागे घ्यावा लागतो. आतले उष्णतामान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढलेले असते. तिथे विस्तव नसतो, मग ही उष्णता येते कोठून?

ती येते जिवाणूंच्या श्वसनातून. एक चिमूट मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. काडीकचऱ्यातला कर्ब हे त्यांचे इंधन आणि नत्र हा त्यांच्या शरीरबांधणीचा माल. ते प्राणवायू घेतात, कर्बाचे 'ज्वलन' करतात आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर टाकतात. धावून आल्यावर तुमचे अंग तापते ना? तसाच हा प्रकार, फक्त धावणारे असंख्य आणि सगळे एका खोलीत कोंडलेले. या उष्णतेत माश्यांच्या अळ्या, तणांचे बी आणि बरेचसे रोगजंतू मरून जातात.

जिवाणूंना जेवण मात्र बेताचे लागते. नत्राच्या एका भागास कर्बाचे सुमारे तीस भाग, हे प्रमाण त्यांना मानवते. सुक्या पानांत कर्ब फार, भाजीच्या सालींत आणि शेणात नत्र अधिक. नुसती पाने वर्षभर तशीच राहतात, नुसत्या साली सडून त्यांचा चिखल होतो. दोन्ही एकत्र केली की काम सुरळीत चालते. आपल्या शेतकऱ्याने शेण आणि काडी एका खड्ड्यात टाकली ती याच कारणाने, मग त्याला कर्ब-नत्राचे गणित ठाऊक असो वा नसो.

म्हणजे इंदूरच्या ढिगाच्या अटी चार: योग्य मिसळ, ओल, हवा आणि अधूनमधून उलथापालथ. यातली एक जरी चुकली तरी काय होते, ते पाहण्यासाठी आता मुंबईला जाऊ.

देवनारचा डोंगर

मुंबईच्या पूर्व भागात देवनार येथे १९२७ सालापासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला. ही जागा शंभराहून अधिक हेक्टरांची आहे. वर्षानुवर्षे भर पडून तेथे कचऱ्याचे खरोखरीचे डोंगर उभे राहिले.

सुरुवातीच्या काळात शहराचा कचराही बराचसा उकिरड्यासारखाच असे: राख, धूळ, साली, पाने, चिंध्या. पुढे शहर वाढले, कचरा वाढला आणि त्याची जातही बदलली. इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत १९३३ साली योगायोगाने पॉलिथीन सापडले. त्याच्या रेणूतील कर्बाची लांबच लांब साखळी तोडायला जिवाणूंजवळ सोयीची हत्यारे नाहीत. ही पॉलिथीनची पिशवी हळूहळू घराघरांत आली आणि तोंडाला गाठ मारून, आत खरकटे भरून, देवनारला पोहोचली.

गाठ मारलेल्या पिशवीत हवा शिरत नाही. डोंगराच्या पोटात तर वरच्या कचऱ्याच्या दाबाने हवेला वावच उरत नाही. तेव्हा प्राणवायूवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि प्राणवायूवाचून जगणारे कामाला लागतात. ते कूजन करतात, पण सावकाश. शिवाय त्यांच्या कामातून मिथेन वायू निघतो, आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही. मिथेन ज्वालाग्राही आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने पाहिले तर त्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडपेक्षा तो पृथ्वीला सुमारे २८ पट अधिक तापवतो. पावसाचे पाणी या ढिगातून झिरपताना बॅटरीतील, रंगांतील धातू आपल्याबरोबर घेते आणि काळे होऊन खाली उतरते.

हवा आणि ओल नसली म्हणजे कूजन किती मंदावते, याचा एक नमुना अमेरिकेत सापडला. ॲरिझोना विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथ्जे यांनी जुनी शहरे खणावीत तशा कचरा पुरण्याच्या जागा खणून पाहिल्या. आत कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे मिळाली आणि ती वाचताही येत होती!

२०१६ च्या जानेवारीअखेर देवनारच्या ढिगाला मोठी आग लागली. ती आटोक्यात यायला कित्येक दिवस लागले. धुराचा लोट नासाच्या उपग्रहांनी घेतलेल्या छायाचित्रांतही दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मित्रहो, ज्या मुलांच्या वर्गात तो धूर शिरला, त्यांनी मुंबईतला सगळा कचरा केलेला नव्हता. तो साऱ्या शहराने केला होता आणि तिथे नेऊन टाकला होता.

हा ढीग उपसायचा तर किती खर्च येईल? २०२५ साली मुंबई महानगरपालिकेने त्यासाठी निविदा मागवल्या, तेव्हा कचऱ्याचा अंदाज होता सुमारे १८५ लाख टन आणि खर्चाचा अंदाज २,३०० कोटी रुपयांहून अधिक. भागाकार करून पाहा. किलोमागे सुमारे सव्वा रुपया पडतो. एखादी वस्तू आपण फुकट फेकली असे आपल्याला वाटते. तिचा आकार पुढे कोणाला तरी भरावाच लागतो.

पाच सेकंद आणि अर्धा तास

देवनारच्या ढिगात साली आहेत, कागद आहे, काच आहे, लोखंड आहे. यातली एकही वस्तू स्वभावतः निरुपयोगी नाही. मग त्यांचा कचरा झाला कशाने? याचे उत्तर तुम्हाला घरी एका ताटात मिळेल.

एक मूठ तांदूळ, एक मूठ मूग, दोन चमचे मीठ, एक चमचा बारीक वाळू आणि दहा लोखंडी टाचण्या घ्या. ताटात एकत्र कालवा. पाच सेकंद लागतील. आता घड्याळ लावून पाचही पदार्थ परत वेगळे करा. टाचण्या चुंबकाने निघतील. मीठ आणि वाळू चाळणीतून खाली पडतील. मीठ पाण्यात विरघळवून, वाळू गाळून, पाणी आटवावे लागेल. तांदूळ आणि मूग मात्र हातानेच निवडावे लागतील. अर्धा तास सहज जाईल, आणि हे सर्व कोरडे असताना! आता अशी कल्पना करा की या ताटात कोणी वाटीभर आमटी ओतली आहे.

घरचा केराचा डबा म्हणजे हेच ताट. एरवी कोरडा कागद पुन्हा लगदा करून कागद होतो. प्रत्येक वेळी त्याचे तंतू थोडे आखूड होतात, तरी पाच-सात फेऱ्या तो सहज करतो. त्यावर आमटी सांडली की बुरशी येते आणि पहिलीच फेरी चुकते. काच कितीही वेळा वितळवली तरी काचच राहते. ॲल्युमिनियमची गोष्ट तर फारच बोलकी आहे. खनिजापासून ते नव्याने काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या अवघ्या पाच टक्के ऊर्जेत जुने भांडे वितळवून नवे करता येते.

प्लास्टिकचे काय? 'प्लास्टिक' हे एकाच पदार्थाचे नाव नाही. पाण्याच्या बाटलीचा आणि तिच्या झाकणाचा एकेक तुकडा मोठ्यांच्या मदतीने कापा. दोन्ही बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. झाकणाचा तुकडा वर येईल, बाटलीचा तळाशी जाईल. बाटलीच्या प्लास्टिकची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट असते. झाकण पॉलिथीनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते आणि त्याची घनता पाण्यापेक्षा कमी असते. पुनर्वापराच्या कारखान्यांत प्लास्टिकचे तुकडे याच युक्तीने वेगळे करतात. आर्किमिडीजचे तत्त्व असे भंगाराच्या कामी येते. पण पीव्हीसी नावाचे प्लास्टिकही बाटलीच्या तुकड्यांबरोबर तळाशीच जाते आणि त्यातले थोडेसे जरी राहिले तरी वितळवलेला सगळा माल बिघडवते. म्हणून पाण्यात टाकण्याआधी हाताने निवडणे आलेच.

बटाट्याच्या वेफर्सच्या चकचकीत पिशवीत प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा असे एकमेकांना चिकटवलेले असतात. तिची मिसळ कारखान्यातच झालेली असते, आपण कितीही नीट टाकली तरी ती सुटत नाही. अशी वस्तू मुळात घ्यावी की नाही, हाच तिच्याबाबतीतला विचार.

उकिरड्यात शेण आणि काडी मिसळणे आणि डब्यात साल आणि प्लास्टिक मिसळणे यांतला फरक आता तुमच्या ध्यानात आला असेल. पहिल्या मिसळीतले दोन्ही पदार्थ जिवाणू खातात. दुसऱ्या मिसळीत एकाने दुसऱ्याची वाट अडवलेली असते.

निवडणारे हात

आपल्याकडे वस्तू वेगळ्या ठेवण्याची रीत नवी नाही. जुने कपडे बोहारणीकडे जात आणि बदल्यात भांडे येई. त्यांतलेच मऊ कपडे गोधडीत शिवले जात. रद्दी वाण्याकडे जाऊन पुड्या होत. या वस्तूंना घरातून निघतानाच ठरलेली वाट होती.

वाट नसलेल्या वस्तूंसाठी शहरांत वेगळी माणसे राबली. पाठीवर पोते घेऊन कचराकुंडीत उतरणाऱ्या कचरावेचक स्त्रिया तुम्ही पाहिल्या असतील. कुंडीत आमटी, काचेचे तुकडे, दाढीचे पाते, आजाऱ्याच्या जखमेची पट्टी, सारे एकत्र. त्यातून त्या पुठ्ठा, पत्रा, बाटली नेमकी काढत. कोणते प्लास्टिक कोणत्या जातीचे, हे त्या वाकवून, आवाज ऐकून सांगतात. हे ज्ञान मोलाचे आहे, पण ते मिळवताना हात कापले जात आणि वर चोर म्हणून संशयही घेतला जाई.

पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली या कष्टकऱ्यांची संघटना स्थापन झाली. तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. या नावात 'कचरा' हा शब्दच नाही, हे पाहिलेत का? २००८ पासून या स्त्रियांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने घरोघर जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा घेण्याचे काम सुरू केले. माणसे तीच, निवडण्याचे कसब तेच. फरक इतकाच, की निवड कुंडीऐवजी दारात होऊ लागली आणि दारात जर कचरा वेगळा मिळाला, तर त्यांचा हात घाणीत जाण्याचे कारण उरत नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला या लहानशा गावानेही २०१५ नंतर हे करून दाखवले. घराघरांतून कचरा वेगळा घेतला जाऊ लागला. सुक्या कचऱ्याची वीसहून अधिक प्रकारांत निवड होऊ लागली, ओल्या कचऱ्यापासून जैववायू निघू लागला आणि पूर्वी जिथे कचरा टाकत तिथे फिरायला जाण्याजोगी बाग झाली. देवनारपासून जवळच असलेल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हे जैववायू संयंत्र विकसित केले. डोंगराच्या पोटात उपद्रव करणारे तेच मिथेन करणारे जिवाणू इथे बंद टाकीत राबतात आणि स्वयंपाकाचा वायू देतात. या संयंत्राची एक अट आहे. त्याला निवडलेला ओला कचराच लागतो.

तुमच्या शाळेतला उकिरडा

आता हे काम तुमच्या हाती देतो. शिक्षकांना बरोबर घ्या.

पहिला आठवडा फक्त मोजणीचा. वर्गात तीन खोकी ठेवा: ओले, सुके आणि घातक. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हेच तीन वाटे घालून दिले होते. ओल्यात डब्यातले खरकटे आणि साली. सुक्यात कागद, पुठ्ठा, धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी. (पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो चिमुकला तुकडा पुन्हा कोणाच्याही हाती लागत नाही.) घातकात संपलेली बॅटरी, फुटलेला दिवा, दाढीचे पाते. वापरलेली मलमपट्टी किंवा सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर ठळक लाल खूण करून वेगळेच द्या. ती खूण पाहून कोणाचा तरी हात थांबेल. रोज ताणकाट्याने वजने घ्या आणि तक्ता करा. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. तुमच्या वर्गाचा आकडा काय येतो ते पाहा.

दुसऱ्या आठवड्यात ढीग रचा. ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला सुक्या पानांच्या दोन बादल्या, वर थोडी माती किंवा जुने खत. मिसळ मुठीत दाबल्यावर तळवा ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. शक्य झाल्यास ढीग मीटरभर लांब, रुंद आणि उंच करा. इतका मोठा का? एक मीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस मीटर. त्याचेच अर्ध्या मीटरचे आठ घन केले तर एकूण पृष्ठफळ होते बारा चौरस मीटर. उष्णता तयार होते घनफळात आणि निसटते पृष्ठफळातून. म्हणून लहान ढीग तापत नाही. कुंडीतही खत होते, फक्त वेळ जास्त लागतो.

काठीने ढिगात भोक पाडून दोरी बांधलेला अल्कोहोलचा तापमापक आत सोडा. काच थेट खुपसू नका. रोज एकाच वेळी उष्णतामान पाहा आणि आलेख काढा. तो चढेल, मग उतरू लागेल. उतरला की ढीग वरखाली करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. हवा मिळताच तो परत चढतो का?

याच मिसळीतली दोन मुठी सामग्री प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट गाठ मारा आणि मोकळ्या जागी सावलीत ठेवा. हे तुमचे छोटे देवनार. तीन आठवड्यांनी शिक्षकांसमक्ष बाहेर उघड्यावर ती पिशवी सोडा आणि वास कोणता येतो ते लिहा. शेजारच्या ढिगातले खतही हुंगून पाहा. नंतर पिशवीतले सगळे ढिगात टाका आणि हात साबणाने धुवा.

साधारण तीन महिन्यांनी शाळेच्या बागेत तुम्ही केलेले खत पडेल. खरकटे डब्यातून निघून कुठे जाणार, हे मधल्या सुट्टीत तुम्ही खोक्यासमोर उभे असता तेव्हाच ठरते. मात्र ढीग रचलात की पहिल्या दिवसाचे उष्णतामान वहीत टिपायला विसरू नका. नाहीतर आलेखाला सुरुवातच मिळायची नाही!